मोहाखालची हाक

गेल्या वर्षी मोहाच्या हंगामात, एका गुरुवारी सकाळी, कुरखेड्यापासून आत असलेल्या एका गावाजवळच्या जंगलात मोहफुले वेचणाऱ्या शकुन नावाच्या बाईवर वाघाने हल्ला केला. त्यात तिचा मृत्यू झाला. त्याआधी जंगलात लागोपाठ दोन हाका ऐकू आल्या होत्या. आजूबाजूच्या झाडांखाली वाकून फुले वेचणाऱ्या बायकांनी त्या ऐकल्या. त्या हसल्या. शकुनची जाऊ वनिता हिने पुरुषी आवाज काढून उत्तर दिले आणि ती पुन्हा वेचायला लागली.

वर्तमानपत्रात आलेल्या बातमीत हाकांचा उल्लेख नव्हता. बातमी लहान होती. या दिवसांत अशा बातम्यांचा साचा तयारच असतो. आधी मोह, मग तेंदूपत्ता, मग पावसाळ्याच्या तोंडावर सरपण. बाईचे नाव, वय आणि गाव बदलते. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द पहिल्या वाक्यात येतो आणि ‘परिसरात भीतीचे वातावरण आहे’ हे शेवटच्या वाक्यात. चंद्रपूरच्या कार्यालयात बसून अशा बातम्या मी अनेक वर्षे पानात लावल्या. त्यांत ऐकू येण्यासारखे काही नसते.

यंदा मोह पुन्हा गळू लागला आहे. गडचिरोलीहून कुरखेड्याला जाणाऱ्या एसटीत वैरागडाच्या अलीकडेच त्याचा वास आत येतो. गोड, जड, किंचित आंबूस. खिडकी बंद केली तरी तो राहतो, कारण तोवर कोणीतरी फुलांचे पोते घेऊन चढलेले असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळसाची फुले संपून गेली आहेत. सागाची पाने खाली पडून कागदासारखी वाजतात. मोहाच्या प्रत्येक झाडाखाली मात्र एक काळे वर्तुळ दिसते. हंगामाच्या आधी बायका झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पहाटे पडलेली फुले नीट दिसतात. काळ्या जमिनीवर पिवळसर पांढरी, मण्यांएवढी, रसाने फुगलेली फुले. दुरून पाहिले तर जळालेल्या जागेवर कोणी लाह्या उधळल्यासारखे वाटते.

भद्रावतीच्या ज्या वसाहतीत मी वाढले तिथे मोहाचे झाड नव्हते. रांगेत लावलेले गुलमोहर होते आणि कारखान्याचा भोंगा होता. मोह मला नोकरीने दाखवला, आणि तोही बातमीच्या बाजूने. झाडाची ओळख नंतर झाली. वेचणारी बाई पहाटेपासून ऊन चढेपर्यंत कमरेत वाकलेली असते, हे पहिल्यांदा एका वनरक्षकाने सांगितले. वाकलेले माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही, असे तो म्हणाला. हे सांगताना तो सुपारी कातरत होता.

मोहाची झाडे एकमेकांपासून लांब असतात. प्रत्येक घराची झाडे ठरलेली आहेत. कोणाचे कोणते, हे सगळ्या गावाला ठाऊक असते आणि त्यावरून सहसा भांडण होत नाही. त्यामुळे एकत्र निघालेल्या बायका जंगलात पोचल्या की पांगतात. एकीला दुसरी दिसत नाही. म्हणून हाक असते. एकीने ‘हूऽऽ’ करायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून ‘हाऽव’ म्हणायचे. हाव म्हणजे हो. आहे मी. एवढाच त्याचा अर्थ. उत्तरे येऊन गेली की पुन्हा वेचणे सुरू. काही वेळाने दुसरी कोणी हाक देते. सकाळभर हे चालू असते, आणि लांब रस्त्यावरून जाणाऱ्याला ते एखाद्या पक्ष्याचे वाटू शकते. नियम एकच आहे. एका श्वासात दोनदा ‘हूऽऽ हूऽऽ’ आले तर उत्तर द्यायचे नाही. टोपली टाकायची आणि आरडाओरडा करत सगळ्यांनी आवाजाच्या दिशेने पळायचे.

हा नियम कोणी कोणाला शिकवत नाही. मुली आयांबरोबर जातात आणि तो त्यांना येतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोबाइलवर एक लहान मालिका आली. झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणाऱ्या काही तरुण मंडळींनी वडशाच्या बाजूला ती चित्रित केली होती. रोज संध्याकाळी एक भाग, तोही चहा निवायच्या आत संपणारा. गोष्ट एका बाईची होती. तिचा नवरा परमुलखात कामाला गेलेला, आणि त्याच्याविषयी गावात काहीबाही बोलले जाते. एका भागात ती पहाटे मोहाला जाते. बाकीच्या बायका झाडांमध्ये दिसेनाशा होतात. ती वेचत असते. मागे पाने वाजतात. ती उभी राहते, हाक मारते. उत्तर येत नाही. ती लागोपाठ दोन हाका मारते. मग अगदी जवळून, तिच्या पाठीमागून, पुरुषाच्या जाड, संथ आवाजात उत्तर येते: हाऽव. ती मान वळवायला लागते आणि पडदा काळा होतो.

पुढचा भाग काही कारणाने बरेच दिवस आला नाही. त्या काळात हा एकच प्रसंग हजारो लोकांनी पुन्हापुन्हा पाहिला असावा. त्याखाली लोकांनी लिहिलेले मी वाचत होते. ‘मागे नवराच आहे, लिहून ठेवा.’ ‘नवरा कसला, नवरा मेला आहे.’ ‘पुढचा भाग टाका, नाहीतर जेवण जाणार नाही.’ ‘मी पुण्यात असतो. असे जंगल खरेच आहे का?’ ‘माझी आई मोहाला जाते. मी हे शेवटपर्यंत पाहू शकलो नाही.’ या शेवटच्या वाक्याखाली कोणी काही लिहिले नव्हते.

रविवारच्या पुरवणीसाठी या प्रेक्षकांवर लेख करायचे ठरले. ज्यांच्या हंगामावर हा प्रसंग बेतला आहे, त्या बायकांना तो कसा वाटतो, हे पाहायला मी त्या गावात गेले. तो हल्ल्याआधीचा सोमवार होता.

गावात नेटवर्क एकाच जागी येते, बुद्धविहाराच्या ओट्यावर. संध्याकाळी वंदना झाली की पुरुष पारावर जात आणि ओटा बायकांचा होई. त्या दिवसांत तसेही गावात पुरुष कमीच होते. बरेच जण तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. शकुन आणि वनिता या दोन्ही जावांचे नवरेही तिकडेच होते. घरी त्या दोघी आणि त्यांची सासू तानूबाई. ओट्यावर बसून शकुन फुटलेल्या टोपलीच्या काठाला बांबूची नवी कामटी ओवत होती. सगळ्यांच्या हातांना मोहाचा वास होता. मोबाइल पिंकीचा होता. पिंकी शेजारच्या घरातली, बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिने तो भाग मोबाइलमध्ये उतरवून ठेवला होता, कारण ओट्यावरही नेटवर्क मध्येच जाई.

“लाव वो पिंके, मॅडमले दाखव,” वनिता म्हणाली.

सगळ्या मोबाइलवर झुकल्या. त्यांनी तो प्रसंग अनेकदा पाहिलेला होता, तरी पाने वाजली तेव्हा दोघीतिघींनी पदर तोंडाशी नेला. पडदा काळा झाला. कोणीतरी लांब श्वास सोडला.

“मले तं वाटते तो माहा नवराच आहे,” शकुन म्हणाली. “मिरची सोडून आला असन, मी काय करून राह्यलो पाहाले.”

“तुहा नवरा एवढ्या हळू आवाजात बोलते?” वनिता म्हणाली. “तो तं इथून बोलला तं कुरखेड्याले ऐकू जाते.”

“मंग भूत असन.”

“भूत हाव म्हणते का? भूत मनात येईन ते करते, त्याले काय इचारा लागते कोणाले?”

शकुन हसत होती, पण तिचे त्या प्रसंगाविषयीचे मत पक्के होते. “तुमी लिहून राह्यले ना मॅडम, मंग हे लिहा. ते बाई चुकली. दुसऱ्यांदा हाक मारली तं मारली, अन् उभीच? हातात टोपली धरून? टोपली पयले फेकाले पाह्यजे. अन् पाठ कायले दाखवते? झाडाले पाठ लावून उभं राहा ना बाई.”

“अवो, नाटक आहे ते,” पिंकी म्हणाली.

“नाटक आहे तं खोटं शिकवाचं का?”

तानूबाई मोबाइल पाहत नव्हती. तिला नीट दिसत नाही. ती फक्त ऐकत होती. ती म्हणाली, “बाकीच्या कुठी गेल्या?”

“कोन बाकीच्या, आजी?”

“ते हाक मारून राह्यली. दोनदा मारली. एवढ्या जणी संगं गेल्या होत्या ना? एक बी नाई आली. कुठी गेल्या त्या?”

मालिका करणाऱ्यांनीही त्याचा विचार केला नसावा. बाहेरच्या प्रेक्षकांना प्रश्न पडला होता, मागे कोण आहे. ओट्यावरच्या म्हातारीला प्रश्न पडला होता, बाकीच्या कुठे आहेत. माझ्या लेखाचा तोच गाभा होणार होता. लेख लिहून झाला होता. तो छापला गेला नाही.

निघताना वनिताने मला तो जाड आवाज काढून दाखवला. ती नक्कल फार चांगली करी. ‘हाऽव’ म्हणताना ती हनुवटी छातीला टेकवी आणि डोळे वर फिरवी. मुली खिदळत. गावात त्या दिवसांत सगळा त्याचाच खेळ झाला होता. हँडपंपावर कोणी ‘हूऽऽ’ केले की गल्लीतून चारपाच जाड आवाज उत्तर देत. जंगलातही तेच सुरू झाले होते. पहाटेच्या अंधूक उजेडात, जिथे रोज भीती घेऊन जावे लागते तिथे, हसायला काहीतरी मिळाले होते. हाक शकुनची असली तर वनिता हटकून त्या पुरुषाच्या आवाजात उत्तर देई, आणि मग लांबच्या झाडाखालून शकुनचे हसणे ऐकू येई. बुधवारी शकुनने मुद्दाम दोन हाका मारल्या. सगळ्या टोपल्या टाकून धावल्या. शकुन झाडाला टेकून बसली होती. ती म्हणाली, “पाह्यत होतो, याल का नाई.” बायकांनी तिला शिव्या घातल्या. मग त्याही हसल्या.

गुरुवारी त्यांनी दोन हाका ऐकल्या तेव्हा कोणी धावले नाही.

वनिताने उत्तर दिले. मग ती शकुनच्या हसण्याची वाट पाहत राहिली. हसणे आले नाही. तिला वाटले, आज बाई रुसली. ती वेचत राहिली. नंतर दुसऱ्या बाजूच्या एका बाईने नेहमीची हाक दिली. सगळ्यांची उत्तरे आली, शकुनचे आले नाही. पुन्हा दिली. तेव्हा त्या उठल्या. शकुन तिच्या झाडाखाली नव्हती. टोपली बऱ्याच अंतरावर पडली होती, फेकल्यासारखी. मोहफुले त्या दिशेने सांडत गेली होती.

हे मला त्याच आठवड्यात बायकांनी सांगितले. वनविभागाच्या पंचनाम्यातही हाका ऐकू आल्याची नोंद आहे. त्या कोणी, कशा ऐकल्या याची नाही.

त्या घरातले पुढचे दिवस मी लांबून पाहिले. दोन्ही भाऊ तेलंगणातून आले. घराच्या पडवीत मोह वाळत घातला होता, तो तसाच पडून राहिला. ताजी फुले दोन दिवसांत तांबूस होतात, मग आक्रसतात, मनुक्यासारखी काळपट होतात. त्यांचा वास बदलत जातो. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो आधी लागे आणि मग तानूबाई दिसे. ती वनिताशी बोलत नव्हती. तिच्या हातचे पाणीही घेत नव्हती. ती वनिताला दोष देते असे तिने कोणाला सांगितले नाही. शेजारची बाई भाकर घेऊन येई, तेव्हा तानूबाई जेवे. वनिता चुलीपाशी बसून असे. कोणी बोलले तर ती एकच गोष्ट सांगे, तीही जशीच्या तशी. “मले वाटलं मस्करी करून राह्यली. मी हाव म्हटलं. तिनं हाक मारली अन् मी हाव म्हटलं.”

मोबाइलवर तो प्रसंग चालूच होता. उलट आता तो अधिक पाहिला जात होता. हल्ल्याची बातमी आणि तो प्रसंग कोणीतरी एकत्र जोडून पुढे पाठवला. त्याखाली लोक लिहू लागले: ‘खऱ्या घटनेवर आधारित.’ ‘त्या माउलीला श्रद्धांजली, पण अभिनय जबरदस्त.’ ‘शेवटी वाघच होता तर.’ आधी प्रसंग आला आणि नंतर मृत्यू झाला, हा क्रम पाहणाऱ्यांसाठी उलटा झाला. एका वाचकाने कार्यालयात फोन करून विचारले, की मालिकावाल्यांनी मृत बाईच्या घरच्यांची परवानगी घेतली होती का.

त्या प्रसंगात काम केलेल्या नटीशी मी बोलले. ती झाडीपट्टीच्या नाटकांत वाढलेली, आणि तिची आईही मोह वेचायची. “संहितेत फक्त ‘घाबरून ओरडते’ एवढंच होतं,” ती म्हणाली. “हाक माह्या मनची होती, मायची ऐकून. दिग्दर्शकाले लय आवडली. म्हणे, ताई, आणखी लांबव.” तिने तो भाग काढून टाकायला लावला. तो काढला गेला. पण तोपर्यंत त्याच्या प्रती इतक्या मोबाइलमध्ये गेल्या होत्या, की त्याने काही फरक पडला नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, “आता मले ते हाक मारता येत नाई. मारून पाह्यली. गळ्यातून निघत नाई.”

विहारात शकुनचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झाले, दोघे बोलले, लोक उठू लागले. तेव्हा पिंकी ओट्यावर उभी राहिली आणि तानूबाईकडे तोंड करून म्हणाली, “आजी, त्या दिवशीचा आवाज शकुनकाकूचा नव्हता. माह्या मोबाइलचा होता. मी तो भाग लावला होता.”

पिंकी गुरुवारी आईबरोबर जंगलात होती. तिचे झाड वनिताच्या झाडापासून फार लांब नव्हते. एवढे सगळ्यांना माहीत होते.

तानूबाईने विचारले, “मंग शकुननं हाक मारलीच नाई?”

“नाई आजी. मारलीच नाई.”

“खरं सांगतं?”

“हाव.”

पिंकीच्या आईने तिला तिथेच थोबाडीत मारली. जंगलात मोबाइल वाजवते, अक्कल आहे का, असे सगळ्याच बोलल्या. नंतर बराच काळ गावातल्या बायका तिच्याशी नीट बोलत नव्हत्या. ती पाणी भरायला आली की हँडपंपावर गप्पा थांबत. उन्हाळ्यानंतर ती नर्सिंगचे शिकायला नागपूरला गेली.

पण त्या संध्याकाळी तानूबाईने वनिताच्या हातून पाणी घेतले. शकुनला हाक मारायला वेळच मिळाला नाही, असे गावात ठरले. वाघ मागून आला, तिला कळलेही नाही. ज्यांनी टोपली पाहिली होती त्यांनीही हे मान्य केले. टोपली ओढाताणीत उडाली असेल, असे त्या म्हणू लागल्या. एखाद्या मृत्यूविषयी गावाचे एकमत व्हावे लागते, त्याशिवाय घरात चूल पेटत नाही, हे अशा अनेक गावांत मी पाहिले आहे. त्या एकमताला मी बातमीत ‘ग्रामस्थांच्या म्हणण्यानुसार’ असे लिहीत आले आहे.

परवा मी त्या गावात पुन्हा गेले. विहाराचा ओटा नव्याने रंगवला आहे. वाटेवर मोहाचा सडा होता, माणसांच्या आणि गुरांच्या पायांखाली चिरडलेला, त्यावर माश्या. पडवीत फुले वाळत होती, यंदाची. तानूबाई त्यातला काडीकचरा चाचपून काढत होती. वनिताने चहा केला. ती बारीक झाली आहे.

“यंदा मी जातो मोहाले,” ती म्हणाली. “मागच्या वर्साले नंतर पाय नाई ठेवला. आता जातो. दोन झाडं माही, दोन शकुनची. तिची बी मीच वेचतो.”

“भीती वाटत नाही?”

“वाटते ना. वाघाची वाटतेच.” तिने चहा माझ्यापुढे सरकवला. “हाकेले आता मी सगळ्यांच्या पयले हाव म्हणतो. साध्या आवाजात. दोनदा आली तं मी पळतो, मस्करी असो का काई असो. पोरी हासतात. हासू दे.”

तानूबाई आत गेली तशी ती माझ्याजवळ सरकली आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, तुमी पेपरवाले. खरं-खोटं तपासून पाहता ना तुमी?”

मी हो म्हटले.

“पिंकीनं खरं सांगतलं ना वो? मले झोपेत ऐकू येते ते. अन् मले वाटते, मोबाइलमधला आवाज असा झाडाझाडातून नाई येत. तो पत्र्यासारखा येते. हा तसा नव्हता. मंग मले वाटते, आपल्याले आता आठवत नसन. वर्स झालं.” चहाचा कप तिने दोन्ही हातांत धरला होता. “पिंकीले मी कसं इचारू? तिनं माह्यासाठी मार खाल्ला. तुमी कोणाले इचारून पाहा ना. ते हाक मोबाइलची होती, एवढं तुमच्या तोंडून ऐकलं तं मी मोकळी होईन.”

“आणि तसे नसेल तर?”

तिने माझ्याकडे पाहिले. “नसन तं नका येऊ इथी.”

आतून तानूबाईने हाक दिली, “वनिता, मॅडमले जेवाले थांबव.” वनिता उठून आत गेली. दोघींचे बोलणे ऐकू येत होते, भातात मीठ टाकले का, वरण पुरेल का. सासू तिला नावाने हाक मारत होती आणि ती उत्तर देत होती. बाहेर मोहाचा वास उन्हाबरोबर वाढत होता. जेवताना तानूबाईने तिच्या ताटात स्वतःहून वरण वाढले.

पिंकीचा तो जुना मोबाइल ती नागपूरला जाताना कुरखेड्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने विकत घेतला, असे तिच्या वडिलांकडून कळले. त्या गुरुवारी तो भाग त्यावर खरेच लावला गेला होता का, याचा काही माग लागतो का पाहावे म्हणून मी परतीच्या वाटेवर त्या दुकानात गेले. दुकान सलीमभाईंचे. वयस्क गृहस्थ. डोळ्याला भिंग लावून एका मोबाइलचे पाठ उघडून बसले होते. समोरच्या स्टुलावर बसलेले गिऱ्हाईक त्यांना घाई करत होते.

“घाई है तो नया ले लो, भाऊ,” ते त्याला म्हणाले. “पुराना आदमी और पुराना मोबाइल, दोनों को टाइम लगता.” मग माझ्याकडे वळले. पिंकीचा मोबाइल म्हटल्यावर त्यांना लगेच आठवले.

“वो कैसे भूलूँगा, मॅडम? शकुनबाई गेल्या तोच आठवडा था ना. त्याचा डिस्प्ले गेला होता. पोरीच्या हातून पडला, काळा झाला. मंगळवारी तिचा बाप माझ्याकडे टाकून गेला. डिस्प्ले नागपूरहून यायचा होता, मी म्हटलं चार दिवस लागतील. अन् गुरुवारी दुपारला तो धावत आला. रडत होता. म्हणे, भाई, शकुनबाईचा फोटू पाह्यजे, पेपरवाले मांगत आहेत, अन् चांगला फोटू याच्यातच आहे. मी दुसऱ्या मोबाइलचा डिस्प्ले काढून त्याला लावला, तेवढ्यापुरता. फोटू निकाला. इथूनच पाठवला, माझ्या नंबरवरून. तुमच्याच पेपरच्या माणसाला.”

“मोबाइल तेव्हा घेऊन गेले?”

“नाही ना. तो डिस्प्ले दुसऱ्याचा होता, काढून घेतला. मोबाइल इथेच राह्यला.”

कुरखेड्याच्या आमच्या वार्ताहराकडे चौकशी केली. त्याच्या मोबाइलमध्ये तो फोटो अजून आहे. शकुन विहाराच्या ओट्यावर बसलेली आहे, मांडीवर टोपली, कोणाच्या तरी बोलण्यावर हसण्याच्या बेतात. फोटो गुरुवारी दुपारी आला आहे. पाठवणारा क्रमांक सलीमभाईंच्या दुकानाचा आहे.

पिंकीचा मोबाइल मंगळवारी दुकानात आला होता. तो शनिवारी परत गेला.